भरल्या घरातलं एकटेपण: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वागणं का बिघडतं आणि घरच्यांनी काय करायचं

स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरात असलं आणि पाहुण्यांनी "कसे आहेत आता?" असं विचारलं, की साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक, "शांत असतात, काही त्रास नाही." दुसरं, "दिवसभर बरे असतात, दिवेलागण झाली की डोकं उठवतात." मला पहिल्या उत्तराची जास्त धास्ती वाटते. दुसऱ्या घरात निदान कुणीतरी उपाय शोधत असतं. पहिल्या घरात माणूस हळूहळू मिटत जातो आणि ते सगळ्यांना सोयीचं वाटतं.

दोन्ही घरांत एक गोष्ट मात्र पुष्कळदा सारखी सापडते. त्या माणसाशी दिवसभरात कुणी बोललेलं नसतं. सूचना भरपूर झालेल्या असतात: उठा, तोंड धुवा, गोळी घ्या, तिकडं जाऊ नका, सांगितलं ना एकदा. गप्पा म्हणाव्यात असं काही नाही. मुलं पुण्याला, नातवंडं शाळा आणि क्लासमध्ये, सून कामावर किंवा कामात. त्यात पेठेतलं जुनं घर सोडून जुळे सोलापूरच्या किंवा होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये आलं की दारावरून जाताना हाक मारणारी माणसंही सुटतात.

खालच्या पायऱ्या क्रमानं करा. पहिल्या तीन गाळून थेट 'रमवायला' गेलात तर मेहनत फुकट जाते.

एकटेपणानं नेमकं काय होतं

आज वार कोणता, आता सकाळ की संध्याकाळ, हे घर कुणाचं, यातलं बरंचसं आपण सगळेच आजूबाजूच्या बोलण्यावरून जुळवत असतो. स्मृतिभ्रंशात आतली नोंद पुसट होते, म्हणून बाहेरून मिळणाऱ्या खुणांचाच आधार उरतो. बोलणारं कुणी नसलं की तोही जातो आणि मेंदू रिकाम्या जागा आपल्या परीनं भरू लागतो. पाकीट सापडत नाही म्हणजे कुणीतरी चोरलं. खोली अनोळखी वाटते म्हणजे हे आपलं घर नव्हे, आई वाट बघत असेल, निघायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घटना विसरली तरी तिनं दिलेली भावना मागं राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या लोकांना आनंदी आणि दुःखी दृश्यं दाखवली होती. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना सांगता येईना, पण आनंद किंवा उदासी टिकून होती. "येऊन काय उपयोग, पाच मिनिटांत विसरतात" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. उलटंही तितकंच खरं आहे. सकाळी कुणी खेकसलेलं त्यांना आठवत नाही, पण दुपारभर ते अंग आक्रसून बसतात आणि घरच्यांना वाटतं, उगीच रुसलेत.

तिसरं, झोप. दिवसा करायला काही नाही, उजेडात जाणं नाही, म्हणून डुलक्या लागतात आणि रात्री दोन वाजता माणूस दाराची कडी खडखडवतो.

आजारामुळंही माणूस मागं सरतो, हे इथं विसरून चालणार नाही. चारचौघांतलं भरभर बोलणं पकडता येत नाही, नाव आठवत नाही, लाज वाटते, मग तो कट्ट्यावर जाणंच सोडतो. मित्र दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. कुणी नसल्यानं बोलणं आणखी अडखळतं. हे चक्र २०२०च्या लॉकडाऊनमध्ये जगभर दिसलं. भेटीगाठी बंद झाल्यावर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये निरुत्साह, चिडचिड, अस्वस्थता आणि उदासी वाढल्याची नोंद अनेक देशांतल्या डॉक्टरांनी केली.

पहिली पायरी: दोन दिवस वही ठेवा

कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त लिहायचं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांच्याशी कोण बोललं, किती वेळ, आणि ती सूचना होती की गप्पा. शेजारच्या खोलीत टीव्ही लागलेला होता तो वेळ सोबतीत धरू नका. जेवताना सगळे मोबाइलमध्ये होते तोही धरू नका. बहुतेक घरांत बेरीज बघून माणसं गप्प होतात.

त्याच वहीत आणखी एक रकाना करा: त्यांनी स्वतः होऊन कुणाला हाक मारली का, आणि कुणी उत्तर दिलं का. हाक मारणं बंद झालं असेल तर ती सुधारणा समजू नका.

दुसरी पायरी: आधी शरीर तपासा

वागणं दोन-चार दिवसांत अचानक बदललं असेल तर एकटेपणाचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. कालपर्यंत बोलणारं माणूस आज गुंगीत आहे, किंवा एकदम भडकलंय, भास होतायत, तर लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, पडून झालेली इजा, साखर वरखाली होणं, नवीन औषध यांपैकी काहीही असू शकतं. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते हात झटकतात.

आपल्याकडं उन्हाळा हे एक वेगळं कारण आहे. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर राहतो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं लवकर कळत नाही. पाणी कमी पडलं की गोंधळ वाढतो. विचारत बसू नका, दर दीड-दोन तासांनी पेला हातात द्या. पाणी, ताक, पातळ आमटी, काहीही चालेल. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळं पाण्यावर मर्यादा असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून.

मग कान आणि डोळे. ही पायरी लोक हमखास गाळतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला घरातलं साधं बोलणं कुजबुज वाटते आणि कुजबुजीतून संशय जन्मतो. कानातला मळ काढून घेतला, श्रवणयंत्राची बॅटरी बदलली, मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, एवढ्यानं 'माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय' हे कमी झालेलं दिसतं. ऐकू न येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी कारणं म्हणून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं नोंदवली आहेत. २०२४च्या अहवालात कमी दिसणंही त्या यादीत आलं.

तिसरी पायरी: वागण्याच्या आधी काय झालं ते लिहा

आठवडाभर, त्रास देणारं प्रत्येक वागणं तीन ओळींत: त्याआधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. "आज फार त्रास दिला" असं लिहून काही हाती लागत नाही. "चार वाजता सून क्लासला पोरांना सोडायला गेली, सव्वाचारला दार वाजवायला लागले, ती आल्यावर पाच मिनिटांत थांबले" असं लिहिलं की उत्तर त्याच ओळीत असतं.

काही वागणी एकटेपणाशी जास्त जोडलेली दिसतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हे बहुतेक वेळा माहितीसाठी नसतंच. "गाडी किती वाजता आहे?" याला दहाव्यांदा "कुठली गाडी!" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून "कुठं निघालात आज? पंढरपूरला?" म्हटलं तर प्रश्न बऱ्याचदा तिथंच निवतो. मागं मागं फिरणं, संडासाच्या दाराशी उभं राहणं, हे नजरेआड झालेलं माणूस परत येईल याची खात्री नसल्यामुळं होतं. आतून बोलत राहा, गाणं म्हणा, आवाज पोचला पाहिजे. विनाकारण हाका मारणं, पलंगाची कड वाजवणं हे पुष्कळदा कंटाळ्याचं असतं. संध्याकाळी "घरी जायचं" म्हणणं हे थकवा, कमी उजेड, सावल्या आणि दिवसभराचं रिकामपण यांचं मिळून होतं. दिवे लवकर लावा आणि त्या तासाला कुणीतरी जवळ असेल अशी व्यवस्था करा. "हेच तुमचं घर" हा वाद कुणीच जिंकलेला नाही.

आणि ती शांतता. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक निरुत्साह: माणूस दुःखी नसतो, पण स्वतःहून काही सुरू करत नाही. अशा माणसाला "फिरायला जायचं का?" विचारलं तर उत्तर "नको" हेच येणार. चप्पल पुढं ठेवा, हात धरा, "चला" म्हणा, तो येतो आणि रमतोसुद्धा. दुसरी उदासी: डोळ्यांत पाणी, जेवणावरची वासना जाणं, पहाटे जाग, "आता उचल रे देवा", "मी तुम्हाला ओझं झालो". हिला नुसत्या सोबतीवर सोडू नका. स्मृतिभ्रंशातल्या उदासीवरही उपचार असतात, डॉक्टरांना दाखवा.

चौथी पायरी: बसायची जागा बदला

पैसे न लागणारा आणि लवकर गुण देणारा उपाय हा आहे. आतल्या खोलीतली खाट पुढच्या खोलीत किंवा खुर्ची दाराशी आणा. जुन्या घरात ओटा असेल तर सकाळी आठ ते दहा तिथंच बसवा. भाजीवाली, दूधवाला, शाळेची रिक्षा, नळाला पाणी आलंय का याची चौकशी करणारे शेजारी, एवढी वर्दळ पुरते. फ्लॅटमध्ये गॅलरी, आणि तीही बंद असेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची. फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज ही सोबतच आहे. सकाळच्या उजेडानं रात्रीची झोपही सुधारायला मदत होते. टीव्ही मात्र दिवसभर चालू ठेवू नका. बातम्यांतलं भांडण घरात चाललंय असं काहींना वाटतं.

पाचवी पायरी: माणसं ठरवा, आणि भाषा

आधी भाषेचं, कारण सोलापुरात हे सगळ्यात जास्त निसटतं. आजार वाढला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची उरते. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्या लिंगायत घरांत कन्नड. आजी आयुष्यभर बाजारात, कारखान्यात मराठी बोलली, आता मात्र तेलुगूतच बोलते. नातीला तेलुगू येत नाही, नवीन सून पुण्याची. घरात सहा माणसं असून आजी मुकी. आणि बोललेलं कुणाला कळेना म्हणून चिडली की नाव पडतं, 'आजी आक्रस्ताळी झाली'. अशा घरात औषधाच्या आधी भाषा जाणणारं माणूस शोधा: गल्लीतली समवयस्क बाई, देवळातली ओळख, लांबची नणंद. नातवंडांना दहा वाक्यं शिकवा. तेलुगूत "तिन्नारा?" किंवा कन्नडमध्ये "ऊट आयता?", जेवण झालं का एवढं विचारता आलं तरी चेहरा उजळतो. दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी होताना त्यांची पहिली भाषा कोणती हेही सांगा, नाहीतर आजार आहे त्यापेक्षा जास्त वाटेल.

आता माणसं. 'कुणीतरी येत जा' या म्हणण्याला कुणीच येत नाही. वार आणि वेळ ठरवून मागा: मंगळवारी साडेचार ते पाच तुम्ही, शुक्रवारी भाऊजी. औषधाच्या मात्रेसारखं ठरवा, थोडं पण चुकता कामा नये. एका वेळी एक, फार तर दोन माणसं. वेळ त्यांच्या चांगल्या तासांतली, बहुतेकांची सकाळची.

येणाऱ्याला दारातच चार गोष्टी सांगा. "ओळखलं का मला?" हे विचारायचं नाही. ही परीक्षा आहे आणि ते नापास होणार हे दोघांनाही माहीत असतं. त्याऐवजी समोर बसून, नजरेला नजर देऊन, "काका, मी मिलमधला तुमचा दोस्त, या बाजूला बसतो" असं आपणच सांगायचं. प्रश्न कमी, गोष्टी जास्त. चुकीचं बोलले तर दुरुस्त करायचं नाही. त्यांच्यादेखत आम्हाला "आता यांना काही कळतं का?" विचारायचं नाही, त्यांना कळतं. आणि निघताना घाईनं उठायचं नाही. पाच मिनिटं आधी दुसरं काहीतरी हातात द्यायचं, चहा किंवा शेंगांची ताटली, आणि मग उठायचं.

जुना विषय काढायचा तर सोलापूरसारखं गाव नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या, भोंग्यावर चालणारा दिवस, पाळ्या, पगाराच्या दिवशीची नवी पेठ. कालचं जेवण न आठवणारा माणूस मागाचा धोटा कसा धरायचा ते हातानं दाखवतो.

सहावी पायरी: हाताला काम

सोबत म्हणजे समोरासमोर बसून बोलणंच नव्हे. शेजारी बसून एकच काम करणं ही बोलणं आटलेल्या माणसासाठी जास्त सोपी सोबत आहे. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, टॉवेलच्या घड्या घालणं, वाती वळणं, मेथी निवडणं. चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्याची सालं काढून पाखडायला दिली तर कित्येक आज्या आपोआप बोलायला लागतात. ज्यांनी जन्मभर विड्या वळल्या त्यांची बोटं अजून तीच हालचाल शोधत असतात. तंबाखू आणि कात्री नको, पण कागदाच्या पट्ट्या वळायला देता येतील.

काम नीट झालं पाहिजे हा हट्ट सोडा. त्याच घड्या पुन्हा मोडून दुसऱ्या दिवशी द्याव्या लागल्या तरी चालेल, फक्त त्यांच्यासमोर मोडू नका. आणि काम खरं असू द्या. खोटं, पोरखेळाचं काम माणसाला ओळखू येतं आणि अपमान वाटतो.

सातवी पायरी: गर्दी जपून

एकटेपणाचं औषध म्हणून माणसाला लग्नाच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं तर संध्याकाळी दुप्पट त्रास होतो. आवाज, ओळखीची सक्ती, जागा नवी. गड्ड्याचंच, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचंच बघा. जानेवारीत होम मैदानावरची संध्याकाळची गर्दी धडधाकट माणसाला सोसत नाही. पण नंदीध्वजांच्या काठ्या आपल्या भागातून जाणार असतील तर ओळखीच्या दारात खुर्ची टाकून पंधरा मिनिटं दर्शन घडवा. महिनोन्महिने न बोललेल्या माणसाच्या तोंडूनही "एकदा भक्तलिंग हर्र" ऐकल्यावर "बोला हर्र" निघू शकतं. पाठ झालेल्या आरत्या, अभंग, घोषणा, जुन्या चाली बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत टिकतात, म्हणून भजनी मंडळातल्या एखाद्या माणसाला घरी बोलवा. एका वेळी एकच आवाज.

बाहेर नेताना खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकून बाहेर पडतात अशांच्या बाबतीत कोपऱ्यावरचा चहावाला, रिक्षा स्टॉप आणि किराणा दुकानदार यांना फोटो दाखवून ठेवा. हरवलेच तर नातेवाइकांना फोन करत बसू नका, आधी ११२.

फोन आणि व्हिडिओ कॉल

पुण्याच्या मुलांनी रोज ठरलेल्या वेळी पाच-सात मिनिटांचा कॉल करावा, रविवारी तासभर नको. इथं शेजारी कुणीतरी बसलेलं हवं आणि स्क्रीन मोठा हवा. एका कॉलवर एकच माणूस. विचारपूस करण्यापेक्षा काही दाखवा: कुंडीतलं फूल, बाळ, तव्यावरची भाकरी. कॉलनंतर "ती पेटीत कोंडलीय" असं वाटून घाबरत असतील तर व्हिडिओ बंद, नुसता आवाज ठेवा.

सांभाळणाऱ्या बाईचं काय

ती बहुतेक वेळा बाईच असते, बायको किंवा सून. तिचं बाहेर जाणं तुटलं की घरात दोन एकटी माणसं होतात, आणि तिच्या आवाजातला थकवा त्यांना शब्दांआधी कळतो. आजार लपवणं हे याचं मोठं कारण. 'लोक वेडे म्हणतील' म्हणून दार बंद ठेवलं जातं. शेजाऱ्यांना साध्या शब्दांत सांगा: मेंदूचा आजार आहे, विसरतात, काही बोलले तर मनावर घेऊ नका, हाक मात्र मारत जा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांना हा आजार आहे, म्हणजे तुमच्या गल्लीत आणखी एखादं घर असणारच. सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या हव्यात, आणि त्या दुपारी घरच्या पुरुषांनी वाटून घ्यायच्या आहेत. यावर माझ्याकडं वेगळा तोडगा नाही.

किती दिवस बघायचं आणि डॉक्टरकडं कधी जायचं

एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार आठवडे द्या. आधी जागा, मग एक ठरलेला पाहुणा, मग काम. सगळं एकदम केलं तर कशानं गुण आला ते कळणार नाही. आजार यानं बरा होत नाही, विसरणं चालूच राहील. कमी व्हायला हवं ते संध्याकाळचं भडकणं, संशय, हाका, रात्रीचं जागरण. वहीतल्या नोंदी मोजून बघा, मनावर विसंबू नका.

मारहाण होत असेल, जेवण-पाणी सुटलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर थांबू नका. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडं न्या. जाताना वही आणि सगळ्या औषधांची पिशवी बरोबर घ्या, झोपेच्या, सर्दीच्या आणि लघवीच्या गोळ्यांसकट, कारण यातल्या काही औषधांनी गोंधळ वाढतो. शांत करणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे, आणि लेवी बॉडी नावाच्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर त्यांची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. कधी कधी ती द्यावी लागतात. तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: नेमक्या कोणत्या वागण्यासाठी, किती कमी मात्रेत, आणि बंद करायचा विचार कधी करायचा.

घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालते. दोन्हीकडं पेशंटच्या वतीनं सांभाळणाऱ्या बाईनंही फोन करावा, आणि स्वतःसाठीही.